मुद्देमालातली मोगरी

माझ्या गळ्यात सुतळीने एक चिठ्ठी बांधली आहे, बालमित्रांनो. चिठ्ठीवर एक आकडा आहे, एक तारीख आहे आणि खाली लाखेची मोहोर आहे. तशी मी एक जुनी मोगरी आहे, कपडे धोपटायची. शिसवीचं लाकूड, मूठ झिजून गुळगुळीत झालेली, पोटाला तीन भेगा. गेलं दीड वर्ष मी जबलपूरच्या एका पोलीस ठाण्याच्या मालखान्यात, म्हणजे जप्त केलेल्या वस्तूंच्या खोलीत, पडून आहे. माझ्या एका बाजूला गंजलेला गावठी कट्टा आहे, दुसऱ्या बाजूला दोन तलवारी. त्यांना वाटतं, ही बिचारी चुकून इथे आली. मी चुकून आलेली नाही. मी एका मुलीचं मनगट मोडलं आहे, आणि त्याच्या आधी एका लेकराचं जे केलं ते मोडण्याहून वाईट आहे. तेच तुम्हाला सांगणार आहे. मध्ये बोलू नका, माझा स्वभाव मारका आहे.

माझा जन्मही मार खाऊनच झाला. घमापूरच्या एका सुताराने शिसवीचा ओंडका कुऱ्हाडीने फोडला, करवतीने चिरला, वाकसाने तासला. चांगलं लाकूड एका पलंगाला गेलं आणि उरलेला तुकडा माझ्या वाट्याला आला. तो पलंग कुठल्या तरी बंगल्यात सुखाने लोळत असेल. माझ्या नशिबी आपटणं आलं. पण खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. काहींना गप्प बसवत नाही, मी त्यांतली.

चाळीस वर्षांपूर्वी शालिग्राम ढोमणे यांनी मला कमानिया गेटच्या बाजारातून विकत आणलं. ते मूळचे वर्ध्याकडचे, इथल्या सरकारी संरक्षण कारखान्यात फिटर होते. लग्नाला आठ दिवस झाले होते. नवी नवरी सत्यभामाबाई अमरावतीची, अंगाने बारीक, पण हातात जोर असा की पहिल्याच दिवशी माझ्या पोटाला पहिली भेग गेली. त्या भेगेचा मला राग नाही. पहिल्या मालकिणीची खूण अंगावर असावी.

शालिग्रामांची खाकी वर्दी तेलाने माखलेली यायची. सत्यभामाबाई ती सोड्याच्या पाण्यात उकळायच्या, न्हाणीपुढच्या दगडावर तिची घडी घालायच्या आणि मग माझी पाळी. धप, धप, धप. विजारीला चाळीस फटके, सदऱ्याला तीस, कॉलरला वेगळे दहा. त्यांच्या दगडावरून तेलाचा डाग जिवंत परत गेला नाही. शेजारच्या बायका म्हणायच्या, सत्यभामा नवऱ्यावरचा राग वर्दीवर काढते. तेही अगदीच खोटं नव्हतं. शालिग्राम भले गृहस्थ, पण चहात साखर कमी पडली की दिवसभर तोंड फुगवून बसणारे, आणि राग काढायला वर्दीइतकं सोशिक दुसरं काही घरात नव्हतं.

आता एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. आपल्याकडे तान्ह्या बाळाच्या अंगाला कोरं कापड लावत नाहीत. ते टोचतं. घरातल्या मोठ्या माणसांचं वापरून मऊ झालेलं कापड घ्यायचं, त्याची झबली, दुपटी आणि गोधडी शिवायची. बहुतेक घरांत आजीचं लुगडं फाडतात. सत्यभामाबाईंनी योगेशच्या वेळी नवऱ्याची जुनी खाकी फाडली. ती त्यांनी आधी दिवसभर माझ्याखाली धोपटली, इतकी की खाकीचं मलमल झालं. त्या गोधडीत योगेश गोऱ्ह्यासारखा वाढला. मग कारखान्यातल्या मराठी घरांमधून मागणी येऊ लागली. शालिग्रामांचे मित्र पुंडलिक यांना मुलगी झाली, गीतांजली, तेव्हा तिचीही गोधडी पुंडलिकांच्या वर्दीची, सत्यभामाबाईंच्या हातची आणि माझ्या मारातली. बाप ज्या कापडात राबला त्या कापडात लेकरू वाढावं, असं बाई म्हणायच्या. मला ते फार पटायचं. माझ्या माराने कोणाचं तरी भलं होतं, हे ऐकायला कोणाला आवडणार नाही?

शालिग्राम निवृत्त झाले. त्यांनी आणि पुंडलिकांनी शहर संपतं तिथे, इमलीटोल्यात, शेजारी शेजारी घरं बांधली. इमलीटोला म्हणजे छोटंसं गाव, एक बाजार, एक शाळा, एक नाला. नव्या घरात वॉशिंग मशीन आली. ती गुरगुरायची, पण मारायची नाही, तिला कपड्यांना नुसतं फिरवून आणायचं माहीत होतं. मला न्हाणीमागच्या फुटक्या बादलीत उभं केलं. पालीने माझ्यावर अंडी घातली. सहा वर्षं मला कोणी हात लावला नाही. मित्रांनो, मार खाण्यापेक्षा विसरलं जाणं जास्त लागतं, हे मला त्या बादलीत कळलं.

योगेश तेव्हा बेकार होता. सरकारी कारखान्यात भरती बंद, दुकानातल्या नोकरीत मन रमेना. बापाशी रोज भांडण. एकदा त्याने जेवणाचं ताट भिंतीवर फेकलं आणि शालिग्रामांनी त्याला सगळ्यांदेखत चपलेने मारलं. तीस वर्षांचा मुलगा मार खात उभा राहिला. सत्यभामाबाई त्या दिवशी न्हाणीत येऊन रडल्या. मी बादलीतून पाहत होते.

मग गावाबाहेर जुन्या बॅटऱ्यांचा कारखाना आला. ट्रकच्या, गाड्यांच्या, इन्व्हर्टरच्या टाकाऊ बॅटऱ्या फोडायच्या, आतलं शिसं भट्टीत वितळवायचं आणि त्याच्या विटा ओतायच्या. चारशे जणांना काम मिळालं. रस्ता डांबरी झाला, बाजारात मोबाइलची दुकानं आली, आणि ज्या गावात कोणी मुलगी देत नव्हतं तिथे वराती येऊ लागल्या. योगेशला बॅटऱ्या फोडायचं काम लागलं. त्याच जोरावर त्याला जबलपुरातली मोनाली मिळाली. जो मुलगा ताटं फेकायचा तो संध्याकाळी आईसाठी जिलेबी आणू लागला. कारखान्याला नावं ठेवणाऱ्यांनी हे आधी ऐकावं, मग पुढचं.

त्याची वर्दी निळी होती. तीन धुण्यांत मशीन तुंबली.

"आई, मशीनमध्ये नको टाकू. अंदर सब जम जाता है," योगेश म्हणाला.

"मी सांगतच होती," सत्यभामाबाई म्हणाल्या. "हे काम मशीनच्या बापाले होत नाही. माझी मोगरी आणा."

त्यांनी पालीची अंडी झटकली आणि मला दगडावर आणलं. माझ्या आनंदाला पारावार नव्हता. पहिल्याच फटक्याला वर्दीतून राखाडी धूळ उडाली. पाणी असं झालं की कोणी शिसपेन्सिली उगाळून ओतल्या असाव्यात. ते पाणी दगडाखालच्या मातीत मुरायचं, धूळ बाईंच्या ओठांवर बसायची. ही माती गोडसर लागते, असं त्या एकदा हसून म्हणाल्या होत्या. काही धूळ माझ्या भेगांमध्ये गेली. मी म्हटलं, जाऊ दे, कामाचा मळ आहे.

नातवाचं बारसं ठरलं. नाव आल्हाद. सत्यभामाबाईंनी योगेशच्या तीन जुन्या वर्द्या काढल्या. मोनाली शहरात वाढलेली, तिला मराठी सगळं समजायचं पण बोलताना हिंदी यायचं. ती म्हणाली, "आई, नया ही ले लेते हैं न. ऑनलाइन किती सॉफ्ट मिळतात."

"नवं कापड लेकराले टोचते," बाई म्हणाल्या. "बापाच्या घामाचं कापड लागते पहिल्यांदा. त्याच्या बापाचीही अशीच केली होती."

दोन दिवस त्यांनी ते कापड धोपटलं. माझा आणि त्यांचा, दोघींचा हात भरून आला. पाठीचं स्वच्छ कापड त्यांनी वरून लावलं आणि गुडघ्यांचे, छातीचे डागाळलेले तुकडे आतल्या थरांत घातले. गोधडी शिवणाऱ्या सगळ्याच बायका असं करतात, वाईट कापड पोटात लपवतात. टाके इतके बारीक की पुंडलिकांची बायको बघायला आली. मी दगडावर वाळत पडले होते आणि मला त्या दिवशी पलंगाचा हेवा वाटला नाही.

आल्हादला गोधडीचा कोपरा चोखायची सवय लागली. दिवसभर कोपरा तोंडात. काढून घेतला की रडून आकांत करायचा. सव्वा वर्षाचा झाला तेव्हा त्याने पहिला शब्द काढला, "आजी". तो शब्द मीही ऐकला, कारण त्याला तेव्हा दगडाजवळ बसवलेलं असायचं. बाई वर्दी धोपटायच्या आणि तो ओल्या मातीवर तळहात मारून ताल धरायचा. धप म्हटलं की धप. तोच हात तोंडात. बाई म्हणायच्या, हा माझा मुकादम.

दोन वर्षांचा झाला आणि तो शब्द विसरला. मुलं नवे शब्द शिकतात, ह्याने होता तो टाकून दिला. पोट दुखून तो वाकडा व्हायचा, अंग पांढरंफटक पडलं, हाक मारली तर वळून बघेना. एका बाबाकडून ताईत आणला, दोन डॉक्टर झाले. योगेशच्या पोटातही कळा यायच्या आणि त्याच्या मुठीतला जोर गेला होता, पण ते तो कोणाला सांगत नव्हता. नाल्याकाठच्या चार म्हशी मेल्या. धुण्याला आलेल्या बायका हे सगळं हळू आवाजात बोलायच्या, कारण प्रत्येकीच्या घरात एक तरी निळी वर्दी होती.

गीतांजली आता सिव्हिल लाइन्समधल्या एका दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत नोकरी करत होती. तिने सुट्टीच्या दिवसांत घरोघर जाऊन अकरा मुलांचं रक्त नेलं. अकराही मुलांच्या रक्तात शिसं निघालं. आल्हादच्या सगळ्यात जास्त. एका सकाळी ती आमच्या दगडाजवळ येऊन उभी राहिली.

"काकू, वर्दी घरी धुऊ नका. आणि आल्हादची गोधडी मला द्या, मला ती तपासायची आहे."

बाईंचा हात थांबला नाही. "तूही माझ्याच गोधडीत वाढली आहेस."

"हो काकू. पण ती बाबांच्या वर्दीची होती. तिथे तेल होतं. इथे शिसं आहे. मारून निघत नाही ते."

"माझ्या हातून निघत नाही असा डाग नाही."

"काकू, प्लीज. त्याच्या जिवाचा प्रश्न आहे."

बाईंनी मला असं आपटलं की गीतांजलीच्या ओढणीवर राखाडी पाणी उडालं. ती तशीच निघून गेली. मित्रांनो, तेव्हा फक्त ते एक फडकं तिच्या हाती द्यायचं होतं, बाकी काही नाही. गोधडी दोरीवर वाळत होती, चार पावलांवर. त्या गोधडीचा मला इतका अभिमान होता की मीही गीतांजलीचा रागच केला.

त्याच महिन्यात कारखान्याने आणखी दोन भट्ट्यांची परवानगी मागितली. परवानगीआधी गावात जनसुनवाई होणार होती. सरकारी अधिकारी शाळेच्या मैदानावर बसून लोकांचं म्हणणं ऐकणार होते. भट्ट्या वाढल्या तर घरटी आणखी एक नोकरी, असं कामगारांचा ठेकेदार नीलकंठ सांगत फिरत होता. गाव उभं फाटलं. एका घरात भाऊ भावाशी बोलेना. योगेश आणि पुंडलिक यांची आमच्या अंगणातच जुंपली.

"काका, शिसं मारेल तर दहा वर्षांनी मारेल. भूक आठ दिवसांत मारते," योगेश म्हणाला.

"तुझ्या पोराले दहा वर्षं लागून नाही राहिली," पुंडलिक म्हणाले.

योगेशने त्यांची गळपट्टी धरली. शालिग्राम मध्ये पडले म्हणून त्या दिवशी निभावलं.

सुनवाईच्या तीन दिवस आधी, भर दुपारी, पंधरा-वीस जण पुंडलिकांच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानात शिरले. त्यांनी काच फोडली, फळ्या उपसल्या, वह्या रस्त्यावर टाकून त्यांवर ॲसिडचा डबा ओतला. पुंडलिक आडवे आले तेव्हा त्यांना दुकानाच्या पायरीवर पाडून लाथांनी तुडवलं. समोरचे तीन दात पडले, एक कान फाटला. बाजार बघत होता. बघणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या घरात आल्हादसारखं मूल होतं.

हे मला कसं कळलं? संध्याकाळ व्हायच्या आत योगेशचा सदरा माझ्याखाली आला. बाहीवर आणि छातीवर रक्त होतं. सत्यभामाबाईंनी गार पाणी घेतलं, कारण रक्ताला गरम पाणी लावलं की डाग पक्का होतो. कोणाचं रक्त हे त्यांनी विचारलं नाही. पलीकडच्या घरातून पुंडलिकांच्या बायकोचं रडणं ऐकू येत होतं आणि त्या रडण्यावर आम्ही दोघी धप, धप करत होतो. रक्त निघालं. मी सांगितलं ना, आमच्या दगडावरून डाग परत जात नसे.

सुनवाईच्या सकाळी नीलकंठाने कंपनीत माणूस कामाला असलेल्या घरांतल्या बायकांना निरोप धाडला, जो घर में मिले लेके आओ, सिर्फ दिखाने को. कोणी लाटणं घेतलं, कोणी काठी. बाईंनी मला पिशवीत घातलं. आल्हाद मोनालीच्या कडेवर होता. मला पिशवीत जाताना पाहून त्याने तिच्या खांद्यावर दोनदा हात मारला.

मैदानावर मंडप होता, खुर्च्या होत्या, टेबलामागे अधिकारी होते. आधी कारखान्याचा माणूस बोलला. शिशाचा कण फाटकाबाहेर जात नाही, असं त्याने कागद दाखवून सांगितलं. मग योगेश बोलला. तो भांडला नाही. तो म्हणाला, "मी पाच साल बेकार होतो, साहेब. बापाच्या हातचा जोडा खाल्ला मी तिसाव्या वर्षी. कारखाना बंद करा, पण मग मले सांगा, उद्या सकाळी उठून मी कुठे जाऊ." पुष्कळ जणांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याचा प्रश्न खरा होता आणि टेबलामागच्या साहेबांनी तो नुसता कागदावर उतरवून घेतला.

मग गीतांजली उठली. बापाच्या तोंडाला पट्टी बांधलेली, तो खाली बसलेला. तिने अकरा नावं वाचली, नावापुढे रक्तातलं शिसं वाचलं. शेवटचं नाव तिने सावकाश वाचलं.

"आल्हाद योगेश ढोमणे. वय अडीच. सगळ्यात जास्त ह्याचं आहे. कारण तो जिच्यात झोपतो ती गोधडी वर्दीची आहे."

सगळं मैदान सत्यभामाबाईंकडे वळलं. गोधडी कोणी शिवली हे इमलीटोल्यात कोणाला सांगावं लागत नव्हतं. नीलकंठ मागून म्हणाला, "सुना अम्मा? बोल रही है, दादी ने ज़हर दिया."

मी पिशवीत होते, बाईंचा हात माझ्या मुठीवर होता. तो हात मला चाळीस वर्षांपासून ठाऊक. रागातही त्याने मला इतकं घट्ट कधी धरलं नव्हतं. ती भीती होती. पोरीचं खरं असेल तर हे आपल्या हातांनी झालं, एवढंच त्या हाताला कळलं होतं, आणि ते खोटं ठरवायला दुसरं काही जवळ नव्हतं. त्या खुर्च्या ढकलत पुढे गेल्या. पहिला फटका टेबलावर बसला, माइक उडाला. दुसऱ्याला गीतांजलीने कागद वाचवायला हात वर केला.

कपड्याखाली दगड असतो, म्हणून मी आजवर निर्धास्त पडत आले होते. त्या दिवशी माझ्याखाली हाड होतं. ते मोडल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. गीतांजली ओरडली नाही. ती "काकू" म्हणाली आणि खाली बसली.

त्यानंतर जे झालं त्याला सुनवाई म्हणत नाहीत. खुर्च्या उडाल्या. लाटणी, काठ्या, दगड. मंडपाचा खांब एका म्हाताऱ्याच्या पाठीत पडला. योगेशच्या डोक्यात वीट बसली आणि ती मारणारा त्याच्याच भट्टीवरचा सोबती होता, फक्त त्याची मुलगी त्या अकरांत होती. मग पोलिसांच्या लाठ्या आल्या. त्या लाठ्यांनी कोणाला बाजू विचारली नाही. शालिग्राम बायकोला ओढायला आले तेव्हा त्यांच्या गुडघ्यावर लाठी बसली, ते आजही काठी घेऊन चालतात. एका बुटाने मला मातीत दाबून धरलं. मग मला उचललं, कापडात गुंडाळलं, गळ्यात चिठ्ठी बांधली.

बाईंना ठाण्यात बाकावर बसवलं होतं. मी समोरच्या टेबलावर होते. दुपार कलली तेव्हा मोनाली धावत आली.

"आई, आल्हादला फिट आली. भरती केलंय. डॉक्टरही वही बोले जो गीतांजली दीदी बोल रही थी. सीसा."

बाई बाकावरून उठल्या. मग त्यांनी विचारलं, "गोधडी कुठे आहे?"

"ले गए. नीलकंठ भैया लोग आले होते, तुम्ही इथे होता तेव्हा. जुन्या वर्द्या, गोधड्या, सब. नये कंबल दे गए सब के घर."

ज्या गोधडीसाठी मनगट मोडलं ती गोधडीही गेली, आणि तिच्यासोबत पुरावाही. बाईंनी आपले दोन्ही तळवे उलटे करून पाहिले, जणू काही ते दुसऱ्या कोणाचे होते.

त्यानंतर दीड वर्ष मी अंधारात काढलं. शिपाई आपसात बोलायचे त्यावरून थोडंफार कळलं. नव्या भट्ट्या लांबल्या. कारखान्याने आत धुण्याची खोली बांधली, वर्दी आता घरी येत नाही. साठ जणांना काढलं. त्यांत योगेश होता, पोटाच्या कळांमुळे कामाचा राहिला नाही म्हणून. तो आता कमानिया गेटला हातगाडी ढकलतो आणि गीतांजली रस्त्यात दिसली की मान वळवतो. गाव कोणत्या बाजूला झुकलं असं विचाराल तर मला सांगता येणार नाही. ते अजून भांडतंय.

मागच्या महिन्यात मला कोर्टात नेलं. न्यायाधीश साहेबांपुढच्या टेबलावर ठेवलं. गीतांजली आली होती, तिचं मनगट आता पुरतं वळत नाही. सत्यभामाबाई आल्या, केस सगळे पांढरे. मोनालीच्या कडेवर आल्हाद. वकिलाने बाईंना पढवलं होतं की गर्दी होती, धक्का लागला, हातातून सुटली असं सांगा. बाई घाबरल्या की त्यांचं हिंदी मराठी होतं.

"मारा, साहब," त्या म्हणाल्या. "इसी मोगरी से मारा. धक्का नाही लागला. पण मी दोघांले मारलं. लिखा एकच है."

साहेबांनी विचारलं, दुसरा कौन?

बाईंनी आल्हादकडे बोट केलं. तेवढ्यात त्याने मला पाहिलं. चार वर्षांचं ते पोर, हाक मारली तर वळत नाही, पण मला त्याने ओळखलं. तो कडेवरून वाकला आणि साक्षीदाराच्या लाकडी कठड्यावर तळहात मारू लागला. धप. धप. धप. अगदी तालात.

"त्याले एवढंच येते," बाई म्हणाल्या. "ते आम्ही शिकवलं."

गीतांजली उभी राहिली. तिने फिर्याद मागे घेतली नाही, आणि मला ते बरं वाटलं. ती इतकंच म्हणाली की गावातल्या सगळ्या जुन्या वर्द्या गेल्या, गोधड्या गेल्या, पण ही मोगरी त्या दिवसापासून सील आहे. हिच्या भेगा तपासा. बाईंनी मान डोलावली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही, पण एकाच गोष्टीकडे पाहिलं, माझ्याकडे.

मग एका माणसाने पातळ पातं घेऊन माझ्या भेगा खरवडल्या. चाळीस वर्षांत माझ्यावर कोणी पातं चालवलं नव्हतं, मीच मारत आले. तिन्ही भेगांतून राखाडी भुकटी निघाली. ती काचेच्या छोट्या बाटलीत गेली. बाटली कुठेतरी तपासायला गेली आहे, अहवाल आलेला नाही. मी इतकी वर्षं दुसऱ्यांचे डाग काढत होते आणि ते सगळे पोटात घेऊन बसले होते, हे मला त्या टेबलावर कळलं.

मित्रांनो, तुम्ही लहान आहात, तुमचं कोणी ऐकत नाही, तरी सांगते. घरातलं माणूस कामावरून आलं की ते कितीही लाडाचं असो, त्याने अंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय त्याच्या कडेवर जाऊ नका, आणि ते कपडे तुमच्या कपड्यांत मिसळू देऊ नका. मोठ्यांच्या रीती प्रेमाच्या असतात, पण कापड बदललं की रीतही तपासून घ्यावी लागते. आणि कोणी वाईट बातमी घेऊन दारात आलं तर त्याला आत घ्या, पाणी द्या. त्याचा हात मोडून बातमी खोटी होत नाही.

आल्हादवर औषधं चालू आहेत. रक्तातलं शिसं उतरतंय असं म्हणतात. फिट आता येत नाही. पण बोलत तो नाही. मी त्याच्या तोंडून आजवर एकच शब्द ऐकला आहे, आणि तो आम्ही दोघींनी मिळून, चाळीस फटके विजारीला आणि तीस सदऱ्याला, डाग काढावा तसा त्याच्या तोंडातून धोपटून काढला.